धातू टिकला, तर हायड्रोजन

तेलाच्या पैशातून तेलानंतरच्या काळाची तयारी करावी, या हेतूने ओएनजीसीने 2005 साली ऊर्जा केंद्र स्थापन केले. त्याची प्रयोगशाळा पनवेलला आहे, याची खुद्द पनवेलकरांनाही फारशी कल्पना नसते. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेबरोबर (आयसीटी) या केंद्राने तांबे-क्लोरीन चक्रातून हायड्रोजन मिळवण्यावर काम केले आहे. नुसत्या उष्णतेने पाणी फोडायचे तर दोन हजार अंशांच्या वर जावे लागते. तांब्याचे क्षार मध्ये घातले की साडेपाचशे अंशांत भागते. तांबे आणि क्लोरीन पुन्हा हाती येतात. खर्ची पडते ते पाणी, उष्णता आणि थोडी वीज. उष्णता सूर्याची किंवा अणुभट्टीची असेल, तर धुराचे नाव नको.

हे चक्र अडते ते भांड्यापाशी. साडेचारशे अंशांवर क्युप्रस क्लोराइड वितळून वाहू लागते, जोडीला वाफ आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू. साधे पोलाद सोडाच, स्टेनलेस स्टीलही तिथे तग धरत नाही. क्वार्ट्झची नळी प्रयोगशाळेत चालते, पण कारखान्याची टाकी क्वार्ट्झची कशी करणार? उरतात निकेलचे महागडे मिश्रधातू आणि सिरॅमिकचे लेप. लेपाला केसाएवढी चीर गेली, की आतला धातू खाल्ला जातो आणि संच बंद पडतो. स्वच्छ ऊर्जेची खरी कसोटी अशा पदार्थांतच आहे.

सरकारी पैसा मात्र दुसरीकडे वाहतो. जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेच्या 19,744 कोटी रुपयांपैकी 17,490 कोटी यंत्रनिर्मिती व उत्पादनाच्या प्रोत्साहनासाठी आहेत. संशोधनाला 400 कोटी. हे प्रमाण आम्हाला मान्य नाही. गंज अनुदानाने थांबत नाही. नमुने हजारो तास तापत्या क्षारात ठेवून पाहावे लागतात, आणि त्याला वर्षे लागतात.

त्यासाठी पनवेलइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. समुद्रातल्या फलाटांचा गंज अभ्यासणारी ओएनजीसीची संस्था इथेच आहे. शेजारी तळोज्यात आम्लाच्या टाक्या आणि काचेचे अस्तर दिलेले रिअॅक्टर सांभाळण्यात हयात घालवलेले फिटर आणि वेल्डर आहेत. जोड कुठून झिरपणार, हे त्यांना नुसत्या नजरेने कळते. या सगळ्यांना एकत्र आणणारे, खासगी उद्योग आणि महाविद्यालये यांनाही खुले असलेले पदार्थ-चाचणी केंद्र तळोज्यात उभे राहिले पाहिजे. राज्याने एमआयडीसीत भूखंड द्यावा आणि केंद्र सरकारने संशोधनाची तरतूद वाढवावी. पनवेलच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी आता लावून धरावी.