पोकलेनला झालेला लाल्या



महाडहून रायगडाकडे निघाले की वाटेत नाते लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली याच गावी जन्मले. मुलूख भाताचा, धो धो पावसाचा. कापूस-ज्वारीवाल्यांचे तेथे काय काम, असे कोणी विचारील. आम्ही गेलो होतो जुने पोकलेन पाहायला.

आमच्या भागातल्या पाच जणांनी पैसे जमवून यंत्र घ्यायचे ठरवले होते. शेततळी खोदायची, तलावातला गाळ काढून रानात टाकायचा, उरलेल्या दिवसांत यंत्र भाड्याने द्यायचे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ आणि २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजना आल्या. तेव्हापासून पोकलेनचे तासाचे भाडे कोरडवाहू शेतकऱ्याला चांगले पाठ झाले आहे. भाडे भरण्यापेक्षा यंत्रच आपले असावे, असे वाटले तर त्यात नवल नाही.

यंत्र दिसायला धड होते आणि भाव कमी होता. भाव कमी का, ते केबिनमध्ये बसल्यावर कळले. इंजिन सुरू होई, पण वेग घेत नसे. पडद्यावर लाल दिवा आणि एक सांकेतिक आकडा. अर्थ असा, की इंजिनाच्या कंट्रोलरशी बोलणे होत नाही. विकणारा म्हणाला, “काही नाही, एक सेन्सर बदला.” सोबत नेलेला मिस्त्री म्हणाला, “कंट्रोलर गेला. दोन लाखांच्या वर खर्च.” आमच्यातल्या एकाने इसार देऊन ठेवला होता. त्याचा चेहरा उतरला.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेले, यंत्रशास्त्र नव्हे. पण हा प्रकार आम्हाला ओळखीचा वाटला. कपाशीची पाने लाल पडली की आपण म्हणतो, लाल्या आला. लाल्या हे लक्षणाचे नाव आहे, कारणाचे नव्हे. नत्र कमी पडले असेल, मॅग्नेशियम कमी असेल, तुडतुडे असतील, मुळांशी पाणी साचले असेल, नाहीतर रात्री थंड झाल्या असतील. कारण न शोधता दुकानदार देईल ती बाटली फवारली तर पैसा जातो आणि पाने लालच राहतात. पडद्यावरचा आकडा हा पोकलेनचा लाल्या आहे. कंट्रोलर मेला असे तो सांगत नाही. बोलणे पोचत नाही, एवढेच सांगतो.

हे बोलणे चालते कसे? आजच्या यंत्रात इंजिन, हायड्रॉलिक पंप, केबिनमधला पडदा यांचे वेगवेगळे कंट्रोलर असतात. ते सगळे एकमेकांना पीळ दिलेल्या दोन तारांवरून पाळीपाळीने बोलतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली ही पद्धत मोटारींसाठी जाहीर केली. तिला ‘कॅन’ म्हणतात. मेळाव्यातला एकच माईक समजा. भोंगा वाजेनासा झाला म्हणून आपण वक्ता बदलत नाही, आधी वायर तपासतो. मग दोन लाखांचा कंट्रोलर बदलण्याआधी वायर का तपासू नये?

तपासायला लागतो काही शे रुपयांचा मल्टिमीटर. संदेश टोकाला आदळून माघारी फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक बसवलेला असतो. दोन्ही मिळून तारांमधला रोध ६० ओहम भरतो. बॅटरीचा स्विच बंद करून मोजायचे. नऊ पिनांचे गोल तपासणी सॉकेट असेल तर बहुधा सी आणि डी या पिनांमध्ये. सुमारे ६० आले तर तारा आणि रोधक जागेवर आहेत. १२० आले तर एका बाजूचा रोधक किंवा त्याच्याकडे जाणारी तार तुटली आहे. शून्याच्या आसपास आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ४० आले तर कोणीतरी जादा रोधक जोडून ठेवला आहे. मग चावी लावून प्रत्येक तारेचा दाब सांगाड्याशी मोजायचा. दोन्ही अडीच व्होल्टच्या आसपास हव्यात, एक किंचित वर, दुसरी किंचित खाली.

नात्याला आकडा आला १२०. तार केबिनखालून इंजिनाकडे जाते तिच्या मागे आम्ही हाताने लागलो. इंजिनाजवळच्या एका जोडात हिरवे कीट चढले होते आणि एक पिन गळून पडली होती. जोड साफ केला, पिन नवी घातली. आकडा ६० वर आला, दिवा विझला, इंजिनाने वेग घेतला. खर्च चहापाण्याइतका.

यात मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला हे कोणी शिकवले नाही. महाडसारख्या मुलखात जोडात पाणी शिरणारच. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले, त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. अशा ठिकाणी यंत्र ऐन वेळी बंद पडले तर बुडते ते केवळ भाडे नव्हे.

गंमत पुढेच. दोष सापडल्याबरोबर विकणाऱ्याने भाव वाढवला! आमची पोरे चिडली. आम्हाला त्यात गैर दिसले नाही. धड यंत्राला धड भाव. पण मग उलटही खरे: आपल्याला मोजता येत नाही म्हणून आजवर किती जणांनी धड कंट्रोलर भंगारात घातले असतील? अखेर मधल्या भावाला सौदा झाला.

प्रत्येक दोष इतका सोपा नसतो. ६० ओहम आले म्हणजे सारे ठीक, असेही नाही. काही जोड यंत्र तापल्यावर आणि हादऱ्यानेच सुटतात. कधी कंट्रोलर खरोखर जळतो. तेव्हा एकेक कंट्रोलर सोडवून पाहावा लागतो. ज्याला सोडवल्यावर बाकीचे बोलू लागतात, दोष त्याच्यात किंवा त्याच्या फांदीत. पण त्यासाठी वायरिंगचा नकाशा आणि सांकेतिक आकड्यांची यादी लागते, आणि ती सहसा शेतकऱ्याच्या हाती येत नाही. लाखो रुपयांचे यंत्र आपले, पण त्याची भाषा परक्याची!

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०२४ पासून कायदा आहे: शेतीयंत्राची माहिती, सुटे भाग आणि तपासणीची साधने कंपनीने मालकाला दिलीच पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे तिच्या यादीत आहेत. समिती म्हणजे कायदा नव्हे. पोकलेन हे बांधकामाचे यंत्र, असेही कोणी म्हणेल. ज्याने आमचे शेततळे खोदले ते आमचे औतच.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या तीन सूचना आहेत. एक, तालुक्यागणिक दोन तरुणांनी मल्टिमीटर हाती घेऊन एवढे शिकावे. दोन, जुने यंत्र घेताना ते पुरात बुडाले होते का, बॅटरी न सोडता त्यावर वेल्डिंग झाले का, उंदरांनी वायर कुरतडली का, हे विचारावे आणि ६० चा आकडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. तीन, यंत्राबरोबर वायरिंगचा नकाशा मिळालाच पाहिजे, असा ठराव करावा.

बैल घेताना आपण दात पाहतो. लोखंडी बैलाचे दात कोठे असतात, तेवढेच शिकायचे आहे.