पहिल्या सत्रातले दोन श्रेयांक

महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठांच्या सन्माननीय कुलगुरूंना,



प्रवेशाच्या दिवसांत आपल्यापैकी कुणी तरी तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयात यावे आणि कार्यालयाच्या खिडकीपाशी तासभर उभे राहावे. बारावीचा निकाल हातात घेऊन आलेल्या मुलापुढे अर्ज असतो. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला ऐच्छिक विषय, व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवर्धन, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण अशा चौकटी त्यात भरायच्या असतात. मुलगा विचारतो, "सर, इथं काय टाकू?" मागे रांग लागलेली. खिडकीआडून उत्तर येते, "भूगोल फुल झालाय. राज्यशास्त्र टाक." झाले. तीन-चार वर्षे कशात घालवायची, याचा निकाल अर्ध्या मिनिटात लागला. यात क्लार्कचा काही दोष नाही. महाराष्ट्रातल्या सर्वाधिक मुलांना करिअरचा सल्ला बहुधा तोच देत असेल आणि त्याबद्दल त्याला कुणी मानधन देत नाही.

मी अशाच एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणाविरुद्ध तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. कला शाखेच्या मुलाने वाणिज्य किंवा विज्ञानाचा एखादा विषय घेऊन पाहावा, चार वर्षांची ऑनर्स पदवी घ्यायची की १३२ श्रेयांकांवर (क्रेडिट) तीन वर्षांत बाहेर पडायचे हे त्याने स्वतः ठरवावे, ही कल्पना मला मनापासून आवडते. आमच्या पिढीला असे काही मिळाले असते तर मी कदाचित भूगोलाबरोबर संख्याशास्त्रही शिकलो असतो. अडचण वेगळी आहे. अठरा वर्षांच्या मुलापुढे आपण एकाएकी इतक्या वाटा उघडल्या आणि त्या कुठे जातात हे सांगायला एकही माणूस नेमला नाही. ज्याच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच, त्याला 'मायनर' (दुय्यम विषय) म्हणजे काय हे कोण सांगणार? शहरातल्या मुलाला मामा असतो, मामाचा मित्र असतो, पैसे भरून कल चाचणी घेणारी केंद्रे असतात. आमच्याकडच्या मुलाला गावातला स्पर्धा परीक्षेचा फ्लेक्स असतो.

या फ्लेक्सबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात 'पुढे काय?' असे विचारले की निम्म्याहून अधिक हात एमपीएससी, पोलीस किंवा तलाठी या तीन शब्दांवर वर होतात. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. हे गणित मुलांना कळत नाही असे नाही. पण दुसरी वाट दिसतच नसेल तर गणित कळून उपयोग काय? एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला खुल्या गटातला उमेदवार ३८व्या वर्षापर्यंत बसू शकतो. म्हणजे पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकेत खुर्चीचे भाडे भरत वयाची तिशी ओलांडणे हा नियमात बसणारा मार्ग आहे. मी स्पर्धा परीक्षांची खिल्ली उडवत नाही. आमची काही चांगली मुले त्यातून अधिकारी झाली आणि त्यांच्या घरांची कळा पालटली. पण ज्या मुलाने दुसरा एकही पर्याय तपासलेला नाही त्याने एमपीएससी 'निवडली' असे मी म्हणणार नाही.

गंमत अशी की राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली. आता पर्यायांवर गोळे रंगवून भागणार नाही, पानेच्या पाने सुसंगत उत्तरे लिहावी लागतील. त्यावर आंदोलने झाली, निर्णय लांबला. त्या काळात मुलांची भीती मी जवळून पाहिली. ज्यांनी माझ्याच विद्यापीठातून बी.ए. केले, सहा सत्रे दीर्घोत्तरी प्रश्नांची उत्तरे लिहिली, तीच मुले म्हणत होती, "सर, आम्हाला लिहायची सवय नाही." त्यांचे खरेच होते. त्यांनी लिहिले होते ते गाइडमधले. परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स नोट्सचे गठ्ठे पाठ केले, सकाळी उतरवून काढले, दुपारी विसरले.

म्हणून अभ्यास कसा करावा आणि पुढे काय करावे हे दोन वेगवेगळे विभाग आहेत, असे मानण्याला माझा आक्षेप आहे. एक काम ग्रंथपालाकडे, दुसरे प्लेसमेंट सेलकडे, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. ज्याला एक प्रकरण वाचून त्यातले महत्त्वाचे काय ते स्वतःच्या शब्दांत पानभर लिहिता येत नाही, त्याला नोकरीची जाहिरातही नीट वाचता येत नाही. मी मुलांपुढे खऱ्या जाहिराती ठेवतो. पात्रता, वयाची तारीख, समांतर आरक्षण, शुल्क, कागदपत्रे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा या पदासाठी अर्ज करू शकतो का, एवढ्या एका प्रश्नावर वर्ग अडखळतो. उत्तर तिसऱ्या पानावरच्या एका टिपेत असते आणि तिसऱ्या पानापर्यंत कुणी पोचलेले नसते.

अभ्यास कसा करावा हा आता मतांचा विषय राहिलेला नाही, हेही आपणासारख्या संशोधकांना मी सांगायला नको. विस्मरणाचे मोजमाप जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ साली प्रसिद्ध केले. २०१३मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचे संशोधन एकत्र करून तपासले. पुन्हापुन्हा वाचणे आणि ओळींखाली रेघा ओढणे या मुलांच्या लाडक्या पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणे आणि तोच भाग काही दिवसांच्या अंतराने पुन्हा करणे या दोन पद्धती सर्वांत उपयोगी ठरल्या. यासाठी स्मार्ट बोर्ड लागत नाही, कोरा कागद पुरतो. आमच्या वर्गातली निम्मी पुस्तके मात्र पिवळ्या-गुलाबी शाईने माखलेली असतात आणि ती तशी माखली की अभ्यास झाला असे मुलांना वाटते. त्यांना कुणी वेगळे सांगितलेलेच नाही. मराठी माध्यमातून येऊन बी.एस्सी.ला इंग्रजी पुस्तकाशी झुंजणाऱ्या मुलीला तर हे पहिल्याच महिन्यात सांगायला हवे. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले की ती 'विज्ञान आपल्याला झेपत नाही' असे ठरवून मोकळी होते आणि घरातले तिच्या लग्नाचे बघू लागतात.

आपण म्हणाल, योजना आहेतच. आहेत, कबूल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९मध्ये पदवीसाठी 'जीवन कौशल्य' हा अभ्यासक्रम दिला. नवागतांसाठी 'दीक्षारंभ' हा कार्यक्रमही त्याच सुमारास आला. कागदावर तो काही दिवसांचा आणि चांगला विचार करून आखलेला आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचे 'मोठी स्वप्ने पाहा' आणि चहा-बिस्किटे एवढ्यावर तो उरकतो. करिअर मार्गदर्शनासाठी 'करिअर कट्टा' आहे. कॅम्पस मुलाखती आहेत, म्हणजे एमआयडीसीतली एखादी कंपनी येते आणि रसायनशास्त्राची चार-दोन मुले घेऊन जाते. आणि मेंटॉर-मेंटी आहे. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या 'नॅक'च्या मूल्यांकनात मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थी यांचे गुणोत्तर विचारले जाते, त्यामुळे प्रत्येक शिक्षकाच्या कपाटात मेंटॉरची एक फाइल असतेच. समिती यायच्या आधीच्या महिन्यात त्या फाइलींना अचानक बहर येतो. मुलांच्या समस्या, त्यावर केलेले समुपदेशन, झालेली सुधारणा, सगळे एकाच पेनाने लिहिलेले.

शिक्षक आळशी आहेत म्हणून हे होते, असे मानू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. मुलाशी बसून त्याच्या विषयनिवडीबद्दल बोलणे त्या १६ तासांत कुठे धरलेले नाही. त्यातच जागा रिकाम्या आहेत आणि वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांच्या जिवावर. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. तास संपल्यावर एखादी मुलगी रडत आली तर तिच्यासाठी थांबलेला वेळ ते स्वतःच्या खिशातून देतात. पुष्कळ जण देतातही. पण व्यवस्था अशा उपकारांवर उभी करायची नसते.

माझी मागणी साधी आहे. पदवीच्या पहिल्या सत्रात कौशल्यवर्धनाचे जे दोन श्रेयांक आहेत, ते सर्व शाखांच्या सर्व मुलांना अभ्यास कसा करावा आणि पुढे काय करावे हे शिकवायला द्या. दोन श्रेयांक म्हणजे वर्गातले तीस तास. ते वेळापत्रकात, अकरा ते चारच्या आत असावेत. दुपारी चारनंतर ठेवलेले कोणतेही मार्गदर्शन आमच्या मुलींपर्यंत पोचत नाही, कारण गावाकडची एसटी सुटते. आणि हे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरावेत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकालाही त्यांचे मानधन मिळावे. एवढे झाले नाही तर बाकी सगळे मी लिहिले नाही असे समजा, कारण कार्यभाराबाहेरचे प्रत्येक काम शेवटी फाइलमध्ये जाऊन बसते.

तीस तासांत काय करायचे? निम्मे तास अभ्यासाला. आणि ते मुलाच्या स्वतःच्या विषयातून, त्याच विषयाच्या शिक्षकाने घ्यावेत. 'वेळेचे व्यवस्थापन' या विषयावर बाहेरच्या वक्त्याचे भाषण कृपा करून नको. भूगोलाच्या मुलाने मान्सूनवरची तीन पाने वाचावी, पुस्तक मिटावे, आठवेल ते लिहावे, आठवड्याने पुन्हा लिहावे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघावे. उरलेल्या तासांत त्याने स्वतःचा अभ्यासक्रम आराखडा वाचावा, श्रेयांक कुठे जमा होतात ते आपले श्रेयांक-खाते उघडून पाहावे, आपल्याच महाविद्यालयातून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना भेटावे. त्यातला एक तरी परीक्षेत न निवडला गेलेला आणि आता दुसरे काही नीट करत असलेला असावा. सत्कारमूर्ती आम्ही दरवर्षी आणतोच. शेवटी प्रत्येकाने दोन पाने लिहावीत: मला काय करायचे आहे, त्यासाठी कोणता दुय्यम विषय उपयोगी पडेल, आणि हे जमले नाही तर मी काय करीन. हा तिसरा प्रश्न आमच्या मुलांना आजवर कुणी प्रेमाने विचारलेला नाही. विचारला जातो तो टोमणा म्हणून.

या दोन पानांचे बहुपर्यायी प्रश्नांत रूपांतर करू नका, एवढी मात्र हात जोडून विनंती. परीक्षा विभागाचा मोह मला ठाऊक आहे.

दुसरी मागणी पैशांची नाही. आमची पदवीधर मुले पुढे कुठे गेली, किती जण पुढे शिकत आहेत, किती नोकरीत आहेत, ही माहिती आम्ही नॅकसाठी गोळा करतो, एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत उतरणारी महाविद्यालये तिथेही भरतात. ती वरवर जाते आणि ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे त्या मुलाला कधी दिसत नाही. विषयवार एक पान करून ते प्रवेशाच्या खिडकीशेजारी लावायचे बंधन प्रत्येक संलग्न महाविद्यालयावर घाला. आकडे वाईट असतील तर वाईट लावू. माझ्या विषयाचे पान लावताना मला थोडी धाकधूक वाटेल, हे खरे. पण भूगोल घेतलेली आमची मुले उपग्रह नकाशांचे काम शिकून बरे कमावत आहेत, हेही त्याच पानावर येईल आणि आज ते गावात कुणालाच माहीत नाही.

शेवटच्या वर्षातल्या कार्यप्रशिक्षणाबद्दलही दोन शब्द. चार श्रेयांकांसाठी १२० तास मुलाने प्रत्यक्ष कामाच्या जागी घालवायचे, ही धोरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. तालुक्याला कारखाने नाहीत म्हणून ती प्रमाणपत्र आणून देण्यापुरती उरेल अशी मला भीती आहे. खरे तर दूध संघ आहे, पतसंस्था आहे, माती परीक्षण प्रयोगशाळा आहे, सीएचे कार्यालय आहे, बाजार समिती आहे, ग्रामपंचायत आहे. विद्यापीठाने जिल्हावार यादी करून या संस्थांशी एकदाच करार केले, तर प्रत्येक प्राचार्याला दारोदार फिरावे लागणार नाही आणि मुलाला ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का शोधावा लागणार नाही. हे तुमच्या पातळीवरच होऊ शकते, आमच्या नाही.

वरीलपैकी दोन श्रेयांकांचा विषय विद्यापरिषदेच्या येत्या बैठकीत घेता येईल. नवा अभ्यासक्रम शून्यातून लिहायचीही गरज नाही, 'जीवन कौशल्य' समोर आहे, त्यात अभ्यासाच्या पद्धतीची भर घालून तो प्रत्येक विषयात उतरवायचा आहे. अभ्यास मंडळांना मसुदा हवा असेल तर आम्ही काही शिक्षक मिळून भूगोल, मराठी आणि वाणिज्य या तीन विषयांचा तासवार आराखडा करून द्यायला तयार आहोत. कोणत्या सत्रापासून सुरू करणार, तेवढे कळवावे.

आपला विश्वासू,
तालुक्याच्या महाविद्यालयातला भूगोलाचा एक प्राध्यापक