हल्ला मुंबईत, धडधड परभणीत

२७ नोव्हेंबर २००८ चा गुरुवार. ओपीडी नेहमीप्रमाणे सुरू केली, पण पेशंट कमी होते. जे आले होते ते सगळे वेटिंग रूममधल्या टीव्हीकडे तोंड करून बसले होते. आदल्या रात्री मुंबईत दहा अतिरेकी शिरले होते. ताजच्या घुमटातून धूर निघत होता आणि तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवले जात होते. शनिवारी सकाळी ते संपले. साधारण साठ तास. १६६ माणसे गेली, तीनशेच्या आसपास जखमी झाली.

परभणी मुंबईपासून रेल्वेने पाचशे किलोमीटरपेक्षा लांब. तरी त्या तीन दिवसांत आणि पुढच्या पंधरवड्यात माझ्याकडे जे पेशंट आले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे दुखणे मुंबईतून आले होते. छातीत धडधड, हातपाय गार पडणे, पोटात गोळा येणे, रात्री दोनला दचकून जागे होणे. एक आजोबा म्हणाले, "सर, डोळ्याला डोळा लागंना गेलाय. डोळे मिटले की बंदुकीचा आवाजच यायलाय." ईसीजी काढला, नॉर्मल. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. वीज जायची तेवढाच वेळ घरातला टीव्ही बंद असायचा. आजोबा जरा ओशाळून म्हणाले, लाइट गेली की बरं वाटतं.

दरवर्षी नोव्हेंबर आला की याची आठवण होते. अशा हल्ल्यानंतर लोकांनी कसे वागावे यावर नेते आणि संपादक खूप बोलतात. डॉक्टर म्हणून मला यात काही दिसले, ते सांगतो. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

आधी शरीरात काय होते ते बघू. मेंदूत धोका ओळखणारा एक छोटा भाग असतो, बदामाएवढा. त्याचे काम धोका दिसला की घंटा वाजवणे. घंटा वाजली की अ‍ॅड्रिनॅलिन सुटते, ठोके वाढतात, बीपी चढते, पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळते. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी ही तयारी असते. समोर साप असेल तर फार उपयोगी. पण तो धोका मुंबईत आहे की आपल्या घरात, हा फरक या भागाला नीट कळत नाही. तीच गोळीबाराची दृश्ये शंभर वेळा दाखवली तर घंटाही शंभर वेळा वाजते. आणि खाटेवर बसलेल्या माणसाला ना पळता येते ना लढता येते. तयारी नुसती अंगात साचत जाते.

हे नुसते माझे मत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर तिथल्या संशोधकांनी लोकांची पाहणी केली. पहिल्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्या बातम्या पाहणाऱ्यांनी तीव्र ताणाची जी लक्षणे सांगितली, ती प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त होती. मुळात घाबरट माणूसच जास्त बातम्या बघत असेल, अशी शंका घेता येते आणि ती अगदीच चूक नाही. पण माझ्या ओपीडीतला अनुभव त्या पाहणीच्या बाजूने आहे.

गंगाखेड रोडला दुकान असलेले माझे एक जुने पेशंट होते, साठीचे, बीपी आणि शुगर दोन्ही. त्या शुक्रवारी त्यांना डाव्या बाजूचा अर्धांगवायू झाला. मुलगा म्हणाला, "टीव्ही पाहून पाहून झालं हे." मी तेव्हा मान हलवली. नंतर सुनेकडून कळले की बुधवार रात्रीपासून जेवण वेळेवर नव्हते, झोप नव्हती, आणि जेवणानंतर घ्यायची बीपीची गोळी दोन दिवस घेतलीच नव्हती. बातम्यांमुळे अर्धांगवायू झाला असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बातम्यांमुळे गोळी चुकली, हे मात्र सांगू शकतो. म्हणून माझ्या बीपी, शुगर आणि हार्टच्या पेशंटना मी सांगतो: देशात काहीही घडो, गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ बदलायची नाही. बातम्या सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि झोपायच्या आधी दोन तास अजिबात नाही. वाचल्या तर आणखी चांगले, कारण छापलेला कागद किंचाळत नाही.

थेट प्रक्षेपणाने दुसरेही नुकसान झाले होते. आत लपलेल्या अतिरेक्यांना पाकिस्तानातून फोनवर सूचना देणारे लोक तीच दृश्ये बघत होते. २०१२ मध्ये कसाबच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमात बदल होऊन अशी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणावर बंदी आली. चॅनेलला नियम लागला, पण आता प्रत्येकाच्या खिशात चॅनेल आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांना मारले, तेव्हा दुसऱ्या दिवशी एका बाईंनी सांगितले की त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाने फॅमिली ग्रुपवर आलेला व्हिडिओ पाहिला आणि तो रात्री अंथरुणात लघवी करू लागला. ग्रुपवर टाकणारे काका शिकलेले होते. अशा मुलाला रागावू नये. तो विचारेल तेवढेच, खरे आणि थोडक्यात सांगावे, काही रात्री जवळ घेऊन झोपावे. बहुतेक मुले दोन-तीन आठवड्यांत सावरतात.

आता माझी चूक. २००८ च्या त्या पंधरवड्यात मी झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या भरपूर लिहिल्या. अल्प्राझोलाम, बहुतेकांना. पेशंट घाबरलेला, बाहेर रांग, आणि गोळीने रात्रीत फरक पडतो. पण एवढी भयंकर गोष्ट पाहिल्यावर काही दिवस झोप न येणे हा आजार नाही, निरोगी मनाची ती प्रतिक्रिया आहे. अशा घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाच्या लक्षणांसाठी या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले. त्या गोळ्यांनी मन पूर्वपदावर येत नाही, आणि सवय लागते. माझ्या एका पेशंट बाईंना मी ती गोळी दहा दिवसांसाठी लिहिली होती. त्यांनी चिठ्ठी जपून ठेवली आणि मेडिकलमधून घेत राहिल्या. सहा वर्षांनी पडून मनगट मोडले म्हणून आल्या, तेव्हा मला कळले. "तुम्हीच तर दिली होती ना, सर," असे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. ती गोळी सोडवायला आम्हा दोघांना आठ महिने लागले.

मग गोळी नाही तर काय? माणसाजवळ बसणे. त्याला बोलायचे असेल तर ऐकणे, नसेल तर खोदून न विचारणे. "सगळं आठवून सांग, मन मोकळं कर" असे पहिल्याच दिवशी मागे लागणे बरे असते अशी समजूत आहे, पण जबरदस्तीने बोलते केल्याने फायदा होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. चालणे, शेतात जाणे, कामाला लागणे, हे जास्त उपयोगाचे. महिना उलटून गेला तरी तीच दृश्ये डोळ्यांसमोर येत असतील, माणूस स्टेशन किंवा गर्दी टाळत असेल, दारू वाढली असेल, तर मात्र दाखवायला या. मरणाचा विषय काढत असेल तर महिन्याची वाट न पाहता त्याच दिवशी या. टेलि-मानस ही सरकारी सेवाही आहे, १४४१६ वर फोन लावला की मराठीत बोलता येते.

त्या तीन दिवसांत सर्वात जास्त माणसे गेली ती सीएसटी स्टेशनवर, ५८. लांबच्या गाड्यांची वाट पाहत गाठोड्यांवर बसलेली माणसे. आपली देवगिरी तिथूनच रात्री सुटते. परभणीतले कोण त्या फरशीवर बसलेले नाही? तरी कॅमेरे ताजवरून हलले नाहीत. पुढे ३ डिसेंबरला गेटवे ऑफ इंडियाला हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले, राज्यकर्त्यांवर संतापले. तो संताप मला योग्यच वाटला. आपल्या लातूरचे दोन्ही मोठे नेते, केंद्रात शिवराज पाटील आणि राज्यात विलासराव देशमुख, पदावरून गेले. पण 'मुंबई स्पिरिट' या शब्दाचा मला तेव्हाही राग आला आणि आजही येतो. दुसऱ्या दिवशी लोकल भरून गेली म्हणून कौतुक. अहो, रोजंदारीवरचा माणूस कामावर नाही गेला तर संध्याकाळी चूल कशी पेटेल? त्याच्या धैर्याचे कौतुक केले की त्याला झोप लागते का, हे विचारायची गरज उरत नाही. उलट त्यालाच वाटते, बाकी सगळे धीराचे, मीच कच्चा.

धीर पाहायचाच असेल तर वेगळा दाखवतो. सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे जागा न सोडता माईकवरून प्रवाशांना सांगत राहिले की या बाजूला येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. कामा हॉस्पिटलच्या नर्स अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना आतल्या पॅन्ट्रीत नेऊन ठेवले, आणि एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा भिंतीच्या कडेकडेने तिला लेबर रूममध्ये पोहोचवले. दोघांनीही आपले रोजचेच काम केले, फक्त त्या रात्री केले.

आणखी एक गोष्ट, जी लिहू की नको असे बरेच दिवस वाटत होते. त्याच शुक्रवारी वेटिंग रूममध्ये चर्चा तापली होती. शब्द काय होते ते लिहित नाही. तेवढ्यात बुरखा घातलेल्या एक बाई आणि त्यांचे मिस्टर आत आले आणि एकदम शांतता झाली. बाकावर बसलेल्या दोघांनी सरकून जागा केली नाही. नेहमी केली असती. ते माझे दहा वर्षांचे पेशंट. दम्याचा त्रास त्या बाईंना होता. केबिनमध्ये आल्यावर मिस्टर आधी म्हणाले, "साहेब, हे फार वाईट झालं, आम्ही सगळे निषेध करायलोत." मी त्यांना दम्याबद्दल विचारणार होतो आणि ते मला खुलासा देत होते. मुंबईतल्या मुस्लिम ट्रस्टने मारल्या गेलेल्या अतिरेक्यांना आपल्या कब्रस्तानात जागा नाकारली, ती बातमी त्यानंतरची. पण दम्याच्या पेशंटने इनहेलरच्या चिठ्ठीआधी निष्ठेचा दाखला का द्यावा? २१ नोव्हेंबर २००३ ला, शुक्रवारी, आपल्या परभणीतच मशिदीत बॉम्बस्फोट झाला होता. तेव्हा भीती याच गल्ल्यांत होती, आणि कुठल्याही चॅनेलने साठ तास दाखवली नाही.

त्या बाई पुढचे तीन महिने आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांची मुलगी ऑटोतून उचलून आणत होती, ऑक्सिजन ८४. त्या वाचल्या. का आल्या नाहीत हे मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. त्या आठवड्यात मी वेटिंग रूममधल्या टीव्हीचे केबल काढून टाकले. बरेच पेशंट नाराज झाले. क्रिकेटची मॅच असली की अजूनही कोणीतरी विचारतेच.

जे कुणी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम किंवा तशा गोळ्या वर्षानुवर्षे स्वतःच आणून घेत असतील, त्यांनी हे वाचून त्या आज एकदम बंद करू नयेत. अचानक बंद केल्यास घबराट दुपटीने वाढते, कधी फिटही येऊ शकते. गोळीची पट्टी आणि जुनी चिठ्ठी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. डोस थोडा थोडा करून कमी करावा लागतो, त्याला काही आठवडे किंवा महिने लागतात. चिठ्ठी माझ्या हातची असेल तर माझ्याकडेच या.