हिशेबी पोराची गोष्ट

पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या देवी पॉइंटवर आधी भाजलेल्या भुट्ट्यांचा वास येतो, मग धुक्यातून गाडी दिसते. आईला हात लावणारे तिथले पोर गिऱ्हाईक अमरावतीचे की मुंबईचे हे ओळखते, आणि आपण खिसा चाचपेस्तोवर सुटे पैसे मोजून ठेवते. मराठी बालसाहित्यात हे पोर भेटते ते बहुधा करुणेचा विषय म्हणून, नाहीतर कष्टाचा आदर्श म्हणून. विनोदी कादंबरीचा नायक ते क्वचितच होते. असे का व्हावे?

ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दोघेही चलाख आहेत. परंतु त्यांची चलाखी खोड्यांत, परोपकारात वा साहसात खर्च होते, धंद्यात नव्हे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त (1935) पैसा भेटतो तो कर्जाच्या आणि मोहाच्या रूपात. ‘हिशेबी’ हा शब्दच आपण दूषण म्हणून वापरतो, तेथे हिशेबी मुलावर लोभ जडावा कसा?

या संदर्भात अमेरिकन लेखिका जीन मेरिल यांच्या ‘द टूथपेस्ट मिलिअनेअर’ या 1972च्या छोट्या कादंबरीची आठवण होते. रूफस हा कृष्णवर्णीय शाळकरी मुलगा दुकानातील टूथपेस्टची किंमत पाहून चकित होतो, खाण्याच्या सोड्यापासून स्वतःच पेस्ट बनवतो आणि अगदी थोडा नफा ठेवून विकू लागतो. गणिताच्या तासाला त्याचा हिशेब हाच धडा होतो. येथील विनोद मुलाच्या फजितीतून येत नाही. मुलाने सरळ बेरीज-वजाबाकी केली की मोठ्यांचा बाजार हास्यास्पद दिसू लागतो, एवढेच.

मेळघाटात अशी कादंबरी लिहिणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. कुपोषणाने हा प्रदेश देशभर ओळखला गेला. बालमजुरी कायद्यातील 2016च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामास बंदी केली, पण शाळेची वेळ सोडून कुटुंबाच्या व्यवसायात मदतीची मुभा ठेवली. मुभा आणि शोषण यांतली रेघ पुसट आहे. ‘छोटा उद्योजक’ असे गोंडस नाव देऊन गरजेला गंमत ठरवणारी कादंबरी आम्हांला नको.

म्हणूनच हसण्याची दिशा महत्त्वाची. हॉटेलात कॉफीचा भाव न विचारणारा पर्यटक भुट्ट्यामागे पाच रुपयांसाठी घासाघीस करतो, हसू त्याचे यावे. घरी कोरकू, बाजारात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी आणि पर्यटकांशी हिंदी अशी चार भाषांत उलाढाल करणारे पोर कादंबरीकाराला आयतेच मिळाले आहे. वऱ्हाडीत विनोदी कादंबरी उभी राहू शकते, हे पुरुषोत्तम बोरकरांच्या ‘मेड इन इंडिया’ने मोठ्यांसाठी कधीच दाखवून दिले. मुलांसाठी ते काम बाकी आहे.

त्या कादंबरीत पोराची शाळा सुटू नये आणि त्याच्या हिशेबात कोळसा, कणसे, दिवसभर न थांबणारा पाऊस आणि आईची मजुरीही धरलेली असावी. आपण मोठी माणसे ही शेवटची रक्कम मांडायला नेहमी विसरतो. ती पोराने हसत हसत मांडली, तर आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांनाही त्या कादंबरीतून शिकण्यासारखे पुष्कळ असेल.