विश्लेषण : खाणकामाच्या शिक्षणाकडे मुले कशी वळतील? खान्देशातली एक वाट

जळगावहून धुळ्याकडे निघाले की बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागतो. पलीकडे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे आणि पुलाखालच्या पात्रात वाळू. या वाळूच्या चोरीच्या, पकडलेल्या डंपरच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. पात्रात वाळू किती आहे आणि त्यातली किती काढता येईल, हे मोजण्याचे शास्त्र खाणकाम अभियांत्रिकीतच येते. मात्र प्रवेशासाठी पसंतीक्रम भरणाऱ्या विद्यार्थ्याला खाण म्हटले की चंद्रपूरचा कोळसाच आठवतो.

नेमकी अडचण काय?

खाणकामाची पदवी नागपूरच्या ‘व्हीएनआयटी’त आहे. पदविकेसाठी तिथलेच शासकीय तंत्रनिकेतन आहे. म्हणजे खान्देशातल्या मुलाला चारशे किलोमीटर लांब जायचे आणि पुढची नोकरी आणखी आडवळणाला. जेईईतून ‘व्हीएनआयटी’त येणारे संगणक शाखा आधी मागतात, खाणकामाचा प्रवेश कितीतरी खालच्या रँकला बंद होतो. हे दुखणे फक्त इथले नाही. खाणींचा देश म्हणवणाऱ्या ऑस्ट्रेलियात या शाखेचे प्रवेश २०१४ पासून सुमारे ६३ टक्क्यांनी घटल्याचे ‘मॅकिन्सी’ने २०२३ मध्ये नोंदवले.

मुलींसाठी तर दारच बंद होते. खाण कायदा, १९५२ च्या कलम ४६ नुसार स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करण्यास मनाई होती. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने तांत्रिक आणि पर्यवेक्षकीय पदांसाठी ती शिथिल झाली. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी कोळसा खाणीत आकांक्षा कुमारी रुजू झाल्या. कोल इंडियाच्या भूमिगत खाणीतल्या त्या पहिल्या महिला खाण अभियंता.

खान्देशात खाणी आहेत तरी कुठे?

कोळसा नाही, पण काळा पाषाण मुबलक आहे. जगभरातल्या खनिज संग्राहकांच्या कपाटात ‘जळगाव’ अशी चिठ्ठी लावलेले झिओलाइट, अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक असतात. ते इथल्याच दगडखाणींतून निघाले. (गावातल्या मुलांना मात्र त्यांची ओळख क्वचितच असते.) याशिवाय मुरूम आहे, क्रशर आहेत, गिरणा-तापीची वाळू आहे. सरकारी भाषेत हे ‘गौण खनिज’. नाव गौण असले तरी काम सोपे नाही. सुरुंग लावायचा तर खाण सुरक्षेचे नियम लागू होतात, प्रमाणपत्रधारक ब्लास्टर लागतो. स्फोटाच्या कंपनांनाही मर्यादा आहे: खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घराजवळ कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झपेक्षा कमी असेल, तर वेग सेकंदाला ५ मिलिमीटरच्या आत हवा. खदानीशेजारच्या घराला तडा गेला की भांडण होते, पंचनामा होतो. त्या वेळी कंपनाची नोंद कोणाकडे असते?

वाळूचे तसेच. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पात्राची मोजणी करून नदीने किती वाळू परत आणली ते ठरवायचे असते. हा हिशेब नीट झाला नाही तर काठावरच्या विहिरींना झळ बसते. कारण वाळू पाणी धरून ठेवते, ते गाळते आणि सावकाश जमिनीत मुरवते. केळीच्या बागा भूजलावर उभ्या असलेल्या या जिल्ह्यात हा विषय पर्यावरणप्रेमींपुरता राहत नाही.

मग जळगावात खाणकामाची शाखा काढावी का?

नको. जागा रिकाम्या राहतील आणि काही वर्षांत ती बंद करावी लागेल. शाखेचे नाव बदलून ‘रिसोर्स’ वगैरे करणे हाही उपाय नाही. विद्यार्थी शेवटी प्लेसमेंटचा तक्ता पाहतो. त्यापेक्षा मायनर पदवी व्यवहार्य आहे. ‘एआयसीटीई’च्या आराखड्यात मूळ शाखेसोबत १८ ते २० जादा क्रेडिट घेऊन ती मिळते. जळगाव-धुळ्यातल्या स्थापत्य, यांत्रिकी, संगणक शाखेच्या मुलांना ईटीएस व ड्रोनने घनफळ मोजणी, स्फोटाची आखणी, खदान बंद झाल्यावरचे पुनर्भरण हे विषय देता येतील. विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळा आहेच. मायनरवर खाण व्यवस्थापकाची परीक्षा देता येणार नाही, हे मात्र प्रवेश घेतानाच स्पष्ट सांगायला हवे. एरवी पहिल्याच तुकडीची फसवणूक होईल.

ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांनी २००७ पासून काही वर्षे एकत्र येऊन सामाईक अभ्यासक्रम चालवला होता. प्राध्यापक कमी, म्हणून वाटून घेतले. नागपूरच्या अध्यापकांकडून ऑनलाइन तास आणि प्रात्यक्षिक इथल्या खदानीत, असे आपल्याकडेही जमू शकते.

पैसा कुठून येणार?

खाणपट्टेधारकांच्या अंशदानातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी जमतो. शिक्षण आणि कौशल्यविकास ही त्यातली प्राधान्याची क्षेत्रे आहेत. रस्ते, सभामंडपांच्या मागण्यांतून थोडा भाग शिष्यवृत्ती आणि कंपनमापकासाठी काढता येईल. त्याबदल्यात प्रशासनाला दरवर्षी पात्राची तटस्थ मोजणी मिळेल, जी आज ठेकेदाराच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल. पहिली मोजणी मे महिन्यात, दुसरी पाऊस ओसरल्यावर. दोन्ही सत्रांच्या वेळापत्रकात बसतात, आणि पहिल्या प्रात्यक्षिकासाठी बांभोरीचा पूल पुरेसा आहे.