मोटारसायकलची परीक्षा व तिची खरी तयारी

परीक्षेची तयारी दोन प्रकारची असते. एक विषय समजून घेण्याची व दुसरी परीक्षकाच्या नजरेखालून कसेबसे पार पडण्याची. शाळेच्या परीक्षेत दुसऱ्या प्रकारची तयारी करणाऱ्याचे जे नुकसान व्हावयाचे ते बहुधा त्याचे एकट्याचेच होते. परंतु एक परीक्षा अशी आहे की, तीत अर्धवट तयारीने उत्तीर्ण झालेल्याच्या अज्ञानाची किंमत त्यास ओळखतही नसलेल्या माणसास द्यावी लागते. ती म्हणजे मोटारसायकलच्या परवान्यासाठी द्यावयाची चालविण्याची परीक्षा. वरच्या वर्गांतील आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपुढे ती दोनतीन वर्षांत उभी राहणार आहे. म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मोटारसायकल चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. पन्नास सी. सी. पर्यंतच्या इंजिनाच्या गाडीस मात्र १६ व्या वर्षी, पालकांच्या संमतीने, परवानगी मिळू शकते. पण हल्ली घरोघर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटरींची इंजिने याच्या दुपटीहून मोठी असतात, ही गोष्ट कित्येक पालकांच्या ध्यानातच येत नाही. प्रथम शिकाऊ परवाना घ्यावयाचा. तो सहा महिने चालतो, व तो मिळाल्यापासून ३० दिवस लोटल्यावाचून पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. या काळात गाडीवर पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगाचे ‘एल’ हे इंग्रजी अक्षर लावावयाचे, आणि शिकविणाऱ्या परवानाधारकावाचून दुसऱ्या कोणासही मागे बसवावयाचे नाही. हे तीस दिवस म्हणजे कचेरीने लावलेला उगीचचा विलंब आहे अशी पुष्कळांची समजूत असते. आमच्या मते ते तीस दिवस हाच या परीक्षेचा खरा अभ्यासकाळ होय.

परीक्षेच्या मैदानावर उमेदवारास बहुधा जमिनीवर आखलेल्या आठाच्या आकड्यावरून, पाय न टेकता, गाडी फिरवून दाखवावी लागते. ‘आठ काढणे’ या नावाने हा प्रकार सर्वांस ठाऊक आहे, व त्याची चेष्टाही पुष्कळ होते. रस्त्यावर आठ कोण काढतो, असे विचारणारे शहाणे गावोगाव आढळतात. त्यांना आमचे उत्तर असे की, वेगात गाडी चालविणे सोपे असून हळू चालविणेच कठीण आहे. वेगात असता दुचाकी बहुतांशी आपली आपण सरळ राहते. वेग मंदावला की तिला सावरण्याचा भार चालविणाऱ्याच्या हातांवर व नजरेवर येऊन पडतो. त्या वेळी क्लच अर्धा दाबून धरणे, मागचा ब्रेक हलकेच लावणे, हँडल वळलेले असता पुढचा ब्रेक एकाएकी न आवळणे, आणि दृष्टी चाकाखाली न ठेवता जिकडे जावयाचे तिकडे ठेवणे, या चार गोष्टी एकदम साधाव्या लागतात. ज्यास त्या साधल्या तो गर्दीत धीर सोडीत नाही. ज्याने दोन दिवसांत घोकंपट्टी करून नुसता आठ गिरविला, तो मैदानावर उत्तीर्ण होतो व पहिल्याच चौकात गोंधळतो.

आमचे नवीन जालना या दृष्टीने मोठे कडक परीक्षक आहे. कुंडलिकेचा पूल ओलांडून मामा चौकाकडे किंवा बाजाराच्या गल्ल्यांत सायंकाळी शिरून पाहावे. हातगाड्या, रिक्षा, सायकली, मध्येच थांबणारी गिऱ्हाइके, शाळा सुटलेली मुले, आणि मागे लोखंडी सळया लोंबत असलेल्या मालगाड्या! मोंढ्याकडे मालाच्या गाड्यांची गर्दी असली म्हणजे माणसाच्या चालीनेच गाडी चालवावी लागते. तेथे वेगाचा काडीइतकाही उपयोग नाही. उपयोग आहे तो मैदानावर शिकलेल्या त्या आठाचा.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यांत परीक्षेच्या वेळी काय काय पाहावयाचे याची यादी दिली आहे. वळण्यापूर्वी आरशात पाहून इशारा करणे, नेहमीप्रमाणे तसेच आणीबाणीच्या प्रसंगी गाडी थांबविणे, रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांच्या पट्ट्यांशी योग्य रीतीने वागणे, असे अनेक विषय तीत आहेत. म्हणजे नियम करणाऱ्यांनी केवळ हातांचे कसब मागितलेले नाही. दुसऱ्याची जाणीवही मागितली आहे.

थांबविण्याच्या गोष्टीचे थोडे गणित आम्ही येथे मांडतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदास १० मीटर पुढे जाते. समोर मूल आलेले दिसून हातपाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यातच १० मीटर सरतात. आणि बेताचा ब्रेक लावल्यास गाडी उभी राहण्यास आणखी सुमारे १० मीटर लागतात. आता वेग दुप्पट, म्हणजे ७२ करा. पहिले अंतर २० मीटर होईल, पण दुसरे दुप्पट न होता चौपट, म्हणजे ४० मीटर होईल. वीस मीटरांच्या जागी साठ! ज्या गल्लीत वीस मीटर रिकामी जागा कधी दिसत नाही, तेथे साठ मीटर कोठून आणावयाचे?

शिरस्त्राणाविषयीही एक हकीकत सांगण्याजोगी आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने प्रसिद्ध असलेला इंग्रज योद्धा मे १९३५ मध्ये इंग्लंडात मोटारसायकलवरून जात असता, सायकलवरील दोन मुलांना चुकविताना पडला. त्याच्या डोक्यास मार लागला, व सहा दिवसांनी तो मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी पुढे अशा अपघातांचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला, व त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांस हेल्मेट सक्तीचे झाले. इतकी वर्षे लोटली तरी आमच्याकडे हेल्मेट डोक्यावर असण्याऐवजी आरशास टांगलेले दिसते! सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत दुचाकीवरील ७४,८९७ होती, आणि हेल्मेट न घातलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. या आकड्यांवर आम्ही अधिक काय लिहावे?

यावर कोणी म्हणेल की, परवाना नसताही पुष्कळ मुले गाड्या उडवितात, मग आम्हीच का थांबावे? त्यांस आमचे सांगणे एवढेच की, अज्ञान मुलाने अपराध केल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तासभराच्या हौसेसाठी वडिलांस न्यायालयाची पायरी चढावयास लावणे हे कोणत्या पुत्रधर्मात बसते? दुसरे कोणी म्हणतात की, मध्यस्थाच्या हाती पैसे ठेवले म्हणजे तयारीची यातायात वाचते. पैशाने फार तर कागद मिळेल. ब्रेकवर वेळीच पडणारा हात मिळणार नाही. उलट, अनुत्तीर्ण झालेल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते. त्यात कमीपणा कसला?

तेव्हा, मित्रहो, वय झाले म्हणजे अवश्य परीक्षा द्या. पण तीस दिवस मन लावून शिका. सकाळी मोकळ्या पटांगणात हळू चालविणे, थांबविणे व वळविणे यांचा सराव करा. हे सर्व बिनचूक जमेपर्यंत बाजारात जाऊ नका. परवाना हे आपल्या कौशल्याचे प्रशस्तिपत्र आहे असे मानू नका. रस्त्याने जाणारी म्हातारी, दप्तर घेतलेले पोर व हातगाडीवाला यांनी, आपले नावही ठाऊक नसता, आपणांवर टाकलेला तो विश्वास आहे. त्या विश्वासास पात्र होणे हीच या परीक्षेची खरी तयारी, असे आमचे मत आहे.