सामान्य शिक्षण : सक्तीचे प्रयोजन
विशेषीकरणाच्या काळात सर्व विद्यार्थ्यांवर समान ग्रंथांचे वाचन बंधनकारक करणे कितपत समर्थनीय ठरते? न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयाचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, तेथे ‘समकालीन संस्कृती’ हा अनिवार्य अभ्यासक्रम सुरू झाला; १९३७ मध्ये होमरपासून आरंभ होणाऱ्या साहित्यवाचनाची त्यात भर पडली. भावी वैज्ञानिक आणि भावी समीक्षक एकाच लहान वर्गात बसून एकाच ग्रंथाची चर्चा करतात, हे या योजनेचे मर्म होय. ही यादी दीर्घकाळ मुख्यतः पाश्चात्त्य पुरुष लेखकांचीच राहिली, हा आक्षेप यथार्थ आहे. या महाविद्यालयात मुलींना प्रवेशही १९८३ मध्येच मिळाला. टोनी मॉरिसन यांची ‘साँग ऑफ सॉलोमन’ ही कादंबरी तर यादीत २०१५ मध्ये आली. तथापि, एवढ्यावरून सक्तीच त्याज्य ठरत नाही. वाचन समान असते तेव्हाच त्यातील उणीव सर्वांच्या नजरेस येते आणि तिच्यावर सामुदायिक विचार होऊ शकतो. सर्वच विषय ऐच्छिक झाले की ती उणीव प्रत्येकाच्या खाजगी आवडीनिवडीत लपून जाते. मात्र सक्तीचे समर्थन एकाच अटीवर करता येईल : जी यादी विद्यार्थ्याने वाचलीच पाहिजे, तिच्याविषयी प्रश्न उपस्थित करण्याचा अधिकारही त्याला असला पाहिजे.